फितूर साक्षीदार

अंधाऱ्या खोलीत नाकावर ती जड, गोल चौकट चढली की आजही माझ्या पोटात परीक्षेचा गोळा येतो. समोर उजळलेला तक्ता. कानाशी काच बदलल्याचा बारीक टक्क असा आवाज. आणि मग तो प्रश्न, ‘आता बरं, की आधी बरं?’

मी म्हणते, परत दाखवा. टक्क. टक्क. दुसरं. नाही, थांबा. दुसरं जास्त काळं दिसतंय, पण पहिलं मोठं वाटत होतं. पलीकडून आवाज येतो, ‘काळं-गोरं सोडा हो, एखादं अक्षर जास्त वाचता येतंय का तेवढं सांगा.’ मी गप्प. आजवर इतके चष्मे झाले, तरी आपण चुकीचं उत्तर देऊ आणि पुढची दोन वर्षं त्या चुकीतूनच जगाकडे बघत बसावं लागेल, ही धास्ती काही जात नाही.

धास्तीचं मूळ मला ठाऊक आहे. आयुष्यातल्या पहिल्याच तपासणीत मी कॉपी केली होती.

तेव्हा दहा वर्षांची होते. माझ्या आधी त्या खुर्चीत एक मुलगा बसला होता आणि त्याने शेवटच्या दोन ओळी खणखणीत आवाजात वाचल्या होत्या. मी आईच्या शेजारी बसून त्या मनातल्या मनात घोकल्या. माझी पाळी आल्यावर वरची मोठी अक्षरं कशीबशी वाचली, मधल्या ओळींना गुळमुळीत बगल दिली आणि शेवटच्या दोन ओळी धडाधड म्हणून टाकल्या. ‘छान,’ तपासणारे गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी दिवा मालवला. ‘आता काही बोलायचं नाही. लांबच्या त्या लाल ठिपक्याकडे बघत राहा.’ हाताच्या अंतरावर बसून बॅटरीसारख्या एका लहानशा उपकरणाचा उजेड ते माझ्या डोळ्यावरून डावीउजवीकडे, वरखाली हलवत राहिले. मधून मधून एखादी काच बदलत. दोन-तीन मिनिटांत झालं. दिवा लावून आईला म्हणाले, ‘दोन्ही डोळ्यांना उणे दोन. मुलीचं पाठांतर मात्र चांगलं आहे.’

त्या उपकरणाचं नाव रेटिनोस्कोप, हे मला फार उशिरा कळलं. बाहुलीतून आत गेलेला उजेड डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्यावरून परत येतो आणि बाहुली आतून लालसर पेटल्यासारखी दिसते. उजेडाची पट्टी हलवली की आतला लाल पट्टाही हलतो. डोळा जवळचा बघणारा असेल तर पट्टा उलट्या दिशेने पळतो, लांबचा असेल तर उजेडाबरोबर जातो. योग्य काच आली की पट्टा पळायचा थांबतो आणि सगळी बाहुली एकदम उजळते. मग आपण बसलो होतो त्या अंतराचा हिशेब वजा करायचा, की नंबर हातात. बाउमन नावाच्या इंग्रज डॉक्टरला १८५९ मध्ये दुसरंच काहीतरी शोधताना ही हलती सावली दिसली; १८७३ मध्ये क्विन्ये या फ्रेंच डॉक्टरने तिच्यावरून तपासणीची पद्धत बसवली. तान्ह्या बाळाचा, बोलता न येणाऱ्या माणसाचा, आणि खोटं बोलणाऱ्या मुलीचाही नंबर तिने काढता येतो.

पुढे कॉलेजात असताना मी त्या तपासणाऱ्या गृहस्थांना विचारलं होतं, तुम्हाला न विचारता सगळं कळतं, तर मग ते ‘आता बरं की आधी बरं’ कशाला? ते हसले. म्हणाले, ‘उजेड मला डोळ्याबद्दल सांगतो. चष्मा घालणार तू आहेस.’ आणि जाता जाता त्यांनी एक गुपित सांगितलं, जे मला दहाव्या वर्षीच कळतं तर बरं झालं असतं. सिलिंड्रिकल, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगळा लागणारा नंबर पक्का करताना ते एक दुतोंडी काच उलटीसुलटी करून दाखवतात. दोन्हींत फरक पडतो तोवर काम बाकी असतं. ‘दोन्ही सारखंच’ हे उत्तर आलं की ते थांबतात. इतकी वर्षं ‘सारखंच दिसतंय’ म्हणताना मला ओशाळल्यासारखं व्हायचं, आपल्याला एवढंही कळत नाही म्हणून. आणि ते बिचारे त्याच उत्तराची वाट बघत बसलेले असायचे.

पहिला चष्मा लागल्यावर झाडाची पानं सुटी सुटी दिसली, असं सगळेच सांगतात. मलाही दिसली. पण मला दचकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मुलगी माझ्याकडे बघते आहे, हे मला दिसलं. तोवर लांबच्या माणसाला चेहरा असे, पण नजर नसे. लांबून कोणी आपल्याला बघू शकतं, हेच मला माहीत नव्हतं. पुढचे काही महिने मी भयंकर लाजरी झाले होते, आणि घरचे समजत होते की चष्म्याची लाज वाटते.

मला कमी दिसत होतं, पण आपल्याला कमी दिसतंय हे मला कुठे माहीत होतं? कोणालाच नसतं. दात दुखतो, कान ठणकतो. डोळा मात्र बहुतेक वेळा गपचूप जातो. वर मेंदू त्याला सामील. एका कागदावर डावीकडे फुली आणि तिच्यापासून आठ सेंटिमीटरवर उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणा. तीसेक सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. तिथून डोळ्याची नस बाहेर पडते, तेवढ्या जागी पडदाच नाही. मारिओत या फ्रेंच माणसाने १६६० च्या दशकात हे जगाला दाखवलं. पण ठिपका गेल्यावर तिथे काळं भोक दिसत नाही. पांढरा कागद दिसतो. न दिसणारी जागा मेंदू शेजारच्या रंगाने सारवून टाकतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. स्वतःच्या दृष्टीबद्दल आपण देतो ती साक्ष ही असली. फितूर साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून त्याच्याकडून खरं काढून घेण्याचं काम ज्यांचं, ते ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारे, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं आहे. त्यांना तसं वाटत नसेलही.

हे मला वाटायला लागलं बाबांमुळे.

बाबा एकसष्ट वर्षांचे असताना त्यांच्या वाचायच्या चष्म्याची काडी मोडली. ‘नंबर तोच असणार, काचा घालून दुसरी फ्रेम द्या,’ एवढ्याच कामासाठी ते गेले. जुने गृहस्थ तोवर निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली होती. तिने काचा घालून दिल्या नाहीत. ‘काका, आलाच आहात तर बसा,’ म्हणाली. बाबा कुरकुरत बसले. तक्ता वाचला, दोन्ही डोळ्यांनी सहा बटा सहा. बाबांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

हे सहा बटा सहा काय प्रकरण आहे, तेही तिनेच नंतर मला सांगितलं. स्नेलेन या डच डॉक्टरने १८६२ मध्ये तक्ता काढला तेव्हा त्याने अक्षरं एका मापात बसवली. सहा मीटरवरून ज्या अक्षराची पूर्ण उंची पाच कला आणि एकेक रेघ एक कला कोन व्यापते, ते सहा बटा सहाचं अक्षर. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ते अक्षर जेमतेम नऊ मिलिमीटर उंच असतं. म्हणजे हा आकडा फक्त नजरेच्या ऐन मध्यावर किती बारीक दिसतं ते सांगतो. आजूबाजूचं काय, पडदा कसा, नस कशी, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. आपण मात्र सहा बटा सहा म्हणजे डोळे शाबूत, असं प्रमाणपत्रासारखं मिरवतो.

तिने डोळ्यांचं प्रेशर बघितलं. एकोणीस. दहा ते एकवीस हे साधारण ठीक मानतात, म्हणजे तेही ठीकच. मग दिव्याच्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून ती बराच वेळ आत बघत राहिली. तिने एक विचित्र प्रश्न विचारला, ‘काका, डोक्याला काही लागतं का हो वरचेवर? वरच्या कपाटाचं दार वगैरे?’

मी हसले. आमच्या घरात हा विनोदाचाच विषय होता. बाबांच्या कपाळावर कायम एखादं टेंगूळ असायचं. उघडं राहिलेलं कपाटाचं दार, खाली आलेली फांदी, जिन्याची तुळई. आई त्यांना धांदरट म्हणायची, आणि ते आईला म्हणायचे, तू दारं उघडी टाकतेस.

डोळ्याची नस पडद्यावर जिथे सुरू होते तिथे एक गोल चकती दिसते. कडेला गुलाबीसर कंगोरा, मधे फिकट खळगा. त्या कंगोऱ्यातून दहा-बारा लाख तंतू मेंदूकडे जातात. बाबांचा खळगा खालच्या बाजूला रुंद होत गेला होता आणि तिथला कंगोरा झिजला होता. डोळ्यात सगळं उलटं पडतं. खालचे तंतू वरचं बघतात. खालचे गेले की वरचं जातं. तिने कपाटाच्या दाराबद्दल विचारलं ते यावरून.

मग दृष्टिक्षेत्राची चाचणी. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची आणि इकडेतिकडे कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याची चाचणी संपल्यावर बाबा बाहेर बघून म्हणाले, ‘अहो, तुमचं यंत्र मधेच बंद पडतं. किती तरी वेळ एकही दिवा लागला नाही.’

यंत्र चालू होतं. कागदावर आलेल्या चित्रात वरच्या अंगाला कमानीसारखा काळा पट्टा होता. दुसऱ्या डोळ्याच्या चित्रातही होता, जरा लहान.

काचबिंदू. प्रेशर मर्यादेत असतानाही होऊ शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने स्वतः औषध दिलं नाही, चिठ्ठी लिहिली आणि नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, ‘या आठवड्यात’ असं बजावून. पुढचे उपचार त्यांनी केले. आयुष्यभर थेंब. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं. बाबांनी नंतर कित्येक वर्षं वाचन केलं, चिडचिड केली, रस्ता ओलांडला. ती चष्म्याची काडी मोडली नसती तर काय, हा विचार मी आजही पुरता करून बघितलेला नाही.

चष्मेवाले, ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्रतज्ज्ञ या तिघांमधला फरक लोकांना कळत नाही, आणि मलाही कळत नव्हता. काचा घासून फ्रेममध्ये बसवून देणारे ते चष्मेवाले, म्हणजे ऑप्टिशियन. ऑपरेशन आणि आजारावरचे उपचार करणारे ते नेत्रतज्ज्ञ. मधला माणूस ऑप्टोमेट्रिस्ट. नंबर काढतो, डोळा आतून-बाहेरून तपासतो, दोन डोळे जोडीने नीट काम करतात का ते पाहतो, आणि आपल्या हद्दीच्या पलीकडचं दिसलं की पुढे पाठवतो. ही हद्द देशागणिक बदलते. कुठे त्यांना थेंब लिहून द्यायची मुभा आहे, कुठे नाही. चष्मेवाल्यांच्यातूनच ही जात निघाली. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा बघायचं उपकरण जाहीर केलं, पाठोपाठ स्नेलेनचा तक्ता आला. मोजायची साधनं हातात आल्यावर नुसत्या काचा विकणं आणि डोळा मोजून काचा ठरवणं ही दोन वेगळी कामं झाली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १९०१ मध्ये या कामाचा पहिला कायदा केला. डॉक्टरांशी त्यांची भांडणं तेव्हाही होती, आजही अधूनमधून होतात. त्यात मला पडायचं नाही. मला त्यांचं पाठवणं आवडतं. आपल्याला काय कळत नाही हे ज्याला नेमकं कळतं, असा माणूस कोणत्याही धंद्यात विरळाच.

त्यांच्याकडे एक अगदी गरीब उपकरण असतं. काळा तुकडा, त्याला सुईएवढं भोक. धूसर बघणाऱ्याच्या डोळ्यापुढे ते धरतात. भोकातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा काचेने सुटणारा. भोकातूनही धूसरच राहिलं तर गोष्ट चष्म्याच्या पलीकडची. लाखोंच्या यंत्रांशेजारी तो तुकडा टेबलावर पडलेला असतो, आणि अनेकदा दिशा तोच ठरवतो.

सगळीकडे असंच चालतं असं मात्र नाही. एकदा घाईत मी दुसरीकडेच गेले होते. यंत्रापुढे बसवलं, आत कसलंसं रंगीत चित्र दिसलं, यंत्राने कागद ओकला, आणि चार मिनिटांत नंबर हातात. प्रश्न नाही, उजेड नाही, ‘आता बरं की आधी बरं’ नाही. मी खूश. नवीन चष्मा घातला आणि संध्याकाळपर्यंत कपाळ फुटायची वेळ आली. दोन आठवडे ‘सवय होईल’ हे ऐकलं. शेवटी तो चष्मा घेऊन मी आमच्या बाईंकडे गेले. हो, तोवर त्या तरुण मुलीच्या ‘बाई’ झाल्या होत्या. त्यांनी काचा मापल्या. नंबर बरोबर होता. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साठ मिलिमीटर, आणि काचांचे मध्य बसवले होते अडुसष्टवर. तोवर माझा नंबर उणे सहा झाला होता. जाड काचेत चार-चार मिलिमीटरची चूक म्हणजे दोन्ही डोळ्यांना दिवसभर एकमेकांपासून बाहेरच्या बाजूला खेचत ठेवणं. नंबर लहान असता तर कळलंही नसतं. तेव्हापासून कागदावरच्या आकड्याला मी चष्मा समजत नाही.

उणे दोनचे उणे सहा कसे झाले, तेही सांगते. पूर्ण वाढलेला डोळा पुढून मागे साधारण चोवीस मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त लांबला की नंबर सुमारे उणे तीनने सरकतो. म्हणजे माझे डोळे दोनेक मिलिमीटर जास्तच वाढले. माझ्या लहानपणी नंबर वाढला की नवीन काचा घालायच्या, संपलं. पण लांबलेल्या डोळ्यात पडदाही ताणला जातो आणि म्हातारपणी तो फाटायची, सुटायची, काचबिंदूचीही जोखीम वाढते. आता मुलांच्या बाबतीत ही वाढच रोखायचा प्रयत्न होतो. अगदी सौम्य अॅट्रोपीनचे थेंब, खास प्रकारच्या लेन्स, आणि सगळ्यांत साधं म्हणजे रोज उन्हाउजेडात बाहेर खेळणं. २०५० पर्यंत निम्मं जग जवळचं बघणारं होईल असा अंदाज २०१६ मध्ये संशोधकांनी मांडला होता. आणि आम्हाला लहानपणी ओरडा बसायचा तो उन्हात हुंदडू नका म्हणून!

माझ्या भाचीची गोष्ट वेगळी. ती साडेचार वर्षांची असताना तिचा एक डोळा आळशी निघाला. ती अडखळत नव्हती, चित्रं रंगवत होती, लांबची माणसं ओळखत होती, कारण दुसरा डोळा दोघांचं काम करत होता. बाईंनी चांगला डोळा हाताने झाकला आणि पोरगी रडायला लागली. आळशी डोळ्यात मोठा अधिक नंबर होता. धूसर चित्र नको म्हणून मेंदूने त्याच्याकडे काणाडोळा करायला सुरुवात केली होती. चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. सात-आठ वर्षांच्या आत हे जेवढं सुधारतं तेवढं नंतर सहसा सुधारत नाही. तिचं सुधारलं. मुलाला शाळेत घालण्याआधी एकदा डोळे दाखवा, असं मी तेव्हापासून ओळखी-अनोळखी सगळ्यांना सांगत सुटते आणि आगाऊ ठरते.

मराठीने चाळिशी या एका शब्दात वय आणि चष्मा दोन्ही बसवले आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातलं भिंग बाराएक डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) जोर लावू शकतं, पंचेचाळिशीत जेमतेम चार. पुस्तक चाळीस सेंटिमीटरवर धरायला अडीच लागतात, आणि सगळाच जोर कायम लावता येत नाही. म्हणून हात लांब होत जातात. हे काम भिंगच करतं, बुबुळ नाही, हे थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये स्वतःचा डोळा पाण्यात बुडवून दाखवलं होतं. पाण्यात बुबुळाची ताकद जवळजवळ नाहीशी होते, तरीही जवळचं धरायची क्षमता टिकली. आम्ही उणे नंबरवाले चष्मा काढून वाचतो आणि बरोबरीच्या लोकांना हिणवतो. तेवढाच सूड.

बाबांचं निदान झाल्यावर बाईंनी त्यांच्या भावंडांना बोलावून घेतलं होतं, कारण काचबिंदू रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो. आत्या सत्तरीची. ती मोठ्या तोऱ्यात आली. ‘माझा चष्मा सुटलाय! सुईत दोरा बिनचष्म्याने ओवते.’ घरात तिच्या डोळ्यांचं केवढं कौतुक होतं. बाईंनी लांबचा तक्ता वाचायला सांगितला. निम्म्यावर गाडी अडली. भिंगाचा गाभा पिवळा, घट्ट होत चालला होता. त्यामुळे त्याची ताकद वाढून डोळा जवळचं बघायला लागला होता. चष्मा सुटला होता तो मोतीबिंदूने सोडवला होता. आत्याला हा अपमान वाटला. ऑपरेशननंतर सहा महिने ती बाईंशी बोलत नव्हती, मग चष्म्यासाठी त्यांच्याकडेच गेली.

मला बावन्नाव्या वर्षी डोळ्यापुढे माशा उडायला लागल्या, सोबत कडेला वीज चमकल्यासारखं. मी फोन करून पुढच्या आठवड्यातली वेळ मागितली. ‘आत्ता निघा,’ बाई म्हणाल्या, ‘आणि गाडी स्वतः चालवू नका.’ थेंब घालून बाहुली मोठी केली, कडेकडेने पडदा पाहिला, तरी खात्रीसाठी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. आतला जेलीसारखा पदार्थ पडद्यापासून सुटला होता, पडदा शाबूत होता. वयाने होतं ते. पडदा फाटला असता तर आठवडा फार झाला असता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात जगभर किमान २२० कोटी लोकांच्या दृष्टीत काही ना काही दोष असल्याचं म्हटलं आहे. त्यातल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता, किंवा अजून त्यावर कोणी काही केलेलं नाही. त्यात नुसत्या चष्म्यावाचून अडलेले किती तरी. हे आकडे वाचून माझ्या डोळ्यापुढे काहीच येत नाही, खरं सांगायचं तर. मला त्या आकड्यात बाबाच दिसतात, कपाळावर टेंगूळ घेऊन.

बाबा सत्त्याहत्तरचे झाले तोवर थेंब घालूनही नजर बरीच आत आली होती. आता बाई चष्म्याचं कमी आणि बाकीचंच जास्त बोलायच्या. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या पट्ट्या चिकटवा. दिवा खांद्यामागून घ्या. एक ओळ दिसेल एवढी खिडकी कापलेला काळा पुठ्ठा पानावर ठेवून वाचा. उजेडाचं भिंग कसं धरायचं ते त्यांनी बाबांना चार वेळा शिकवलं, न कंटाळता.

अशाच एका दिवशी, भिंगाचा सराव चालू असताना, त्यांनी सहज स्वरात विचारलं, ‘काका, जे नाही ते काही दिसतं का कधी? पुष्कळांना दिसतं.’

बाबा बराच वेळ गप्प राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाले, ‘खिडकीशी माणसं उभी असतात. लहान. टोप्या घातलेली. काही बोलत नाहीत.’

आठ महिने ती माणसं आमच्या घरात येत होती आणि बाबांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. वेड लागतंय असं त्यांना वाटत होतं. बाईंनी त्यांना सांगितलं की याला नाव आहे. शार्ल बोने नावाच्या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं होतं. आजोबांची नजर गेली होती, डोकं मात्र खणखणीत होतं, आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसत. डोळ्यांकडून पुरेसं येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं काढत बसतो. त्यांनी डॉक्टरांनाही चिठ्ठी दिली, दुसरं काही कारण नाही ना ते बघायला. नव्हतं.

परतीच्या वाटेवर बाबा गाणं गुणगुणत होते. त्यानंतर सकाळी खिडकीशी बसल्या बसल्या ते मोकळेपणाने सांगायचे, ‘आज चौघंच आलेत.’ आई विचारायची, ‘बसायला सांगितलंत का?’

जो मेंदू सोळा वर्षांपूर्वी वरचं छाटलेलं जग बेमालूम सारवत होता, तोच आता खिडकीत माणसं उभी करत होता. मला त्याचा राग यायचा, आणि थोडी दयाही.

बाबांमुळे मलाही दरवर्षी घुमटात तोंड घालावं लागतं. गेल्या महिन्यात पुन्हा गेले होते. बाईंचे केस पांढरे झालेत. माझी फाइल जाडजूड झाली आहे: दरवर्षीच्या नसेचे फोटो, तंतूंच्या थराची मायक्रॉनमधली जाडी, आणि अगदी तळाला, त्या जुन्या गृहस्थांच्या अक्षरात, ‘उणे २.००, दोन्ही. तक्ता पाठ केला होता’.

‘अजून लक्ष ठेवता का माझ्यावर?’ मी विचारलं.

‘मी नाही, यंत्र ठेवतं,’ बाई म्हणाल्या. चाचणी चालू असताना यंत्र मधेच एखादा उजेड मुद्दाम त्या नस निघते त्या जागेवर टाकतं, जिथे काही दिसणं शक्यच नाही. तिथे बटण दाबलं गेलं तर यंत्राला कळतं, नजर हललेली आहे. आणि दिवे अशा बेताने मंद करत नेतात की धडधाकट डोळ्यालाही त्यातले साधारण निम्मे दिसू नयेत. ‘तेव्हा घाबरू नका, दिसेल तेवढंच दाबा.’

एका डोळ्यावर पट्टी बांधली. हनुवटी टेकवली. मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिले. उजवीकडे एक चमकला, दाबलं. खाली एक, दाबलं. मग डावीकडे, अगदी फिका, की नव्हताच? सोडून दिला. मग बराच वेळ काहीच नाही. पांढरा घुमट आणि माझाच श्वास. यंत्र बंद पडलंय का, असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

वरच्या बाजूला एक ठिपका लागला. मी बटण दाबलं.